मॉप पोटात राहिला, पण डॉक्टर आमचे देवमाणूस

*वाचकाचं पत्र*

मावशी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझ्या आईची (वय ५२) गर्भपिशवी अकरा महिन्यांपूर्वी काढली, तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात. तेव्हापासून तिची डावी कूस दुखते, मधूनच कणकण येते, जेवण निम्म्यावर आलंय. तीन वेळा तिथंच नेलं. टाके ओढतात, गॅस आहे, मनाला लावून घेऊ नका, असं सांगून गोळ्या दिल्या. एकदा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. यंदा लावणीला तिला चिखलात वाकताच येईना, म्हणून बेळगावला आणलं. सीटीच्या रिपोर्टवर ‘गॉसिपीबोमा’ लिहिलंय. इथले डॉक्टर म्हणाले, जुन्या ऑपरेशनमधला कापडाचा तुकडा आत राहिलेला दिसतो, काढावा लागेल.

आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “घेऊन या, मी फुकट काढून देतो, पण कुठं बोलू नका.” ते खरंच चांगले आहेत. बाबांना अटॅक आला तेव्हा रात्री दोन वाजता स्वतःच्या गाडीतून बेळगावला पोहोचवलं होतं. आई म्हणते, “देवमाणूस हाय गे तो. त्याच्या पोटावर पाय देऊ नको.” भाऊ म्हणतो, दवाखान्याच्या काचा फोडतो. शेजारी कॅन्सरची गाठ म्हणून कुजबुजतात. मी काय करू?

*उत्तर*

पोरी,

पत्र वाचलं आणि आधी कागदावर अकरा महिने मोजले. तारखा पुढं लागणार आहेत म्हणून मोजलेच, पण एक बाई अकरा महिने “दुखतंय” म्हणून सांगत होती हे डोक्यातून जाईना, म्हणूनही मोजले. तेव्हा बाकी काही करायच्या आधी आईजवळ बस आणि तिला सांग की तिचं दुखणं खरं होतं. गॅस नव्हता, मनाचं तर नव्हतंच. इतके दिवस तिनं स्वतःलाच नाजूक समजून घेतलं असेल. ते आधी उतरू दे.

मी एकतीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर होते. म्हणून तुला जे सांगतेय ते ऐकीव नाही.

गॉसिपीबोमा या नावाला ‘ओमा’चं शेपूट आहे, त्यामुळं लोक कॅन्सर धरतात. लॅटिनमध्ये कापसाला गॉसिपियम म्हणतात, आणि बोमा हा स्वाहिली शब्द, लपायची जागा अशा अर्थाचा. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला जे कापड वापरतात, लहान असलं तर गॉज, मोठं असलं तर मॉप, ते आत राहिलं आणि शरीरानं त्याच्याभोवती कवच धरलं की त्या गोळ्याला हे नाव. कापूस शरीराला पचत नाही, मग ते त्याला गुंडाळून ठेवतं. कुणाला आठवड्याभरात पू होऊन ताप चढतो. कुणाच्या पोटात तो वर्षानुवर्षं गप्प असतो आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. सीटीवर त्याची जाळी आणि जाळीत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात, त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. पक्कं मात्र पोट उघडल्यावर आणि काढलेला गोळा पॅथॉलॉजीत तपासल्यावरच कळतं. शेजाऱ्यांना एवढंच सांग की जुन्या ऑपरेशनचं कापड आहे. गाठ म्हणून कुजबूज चालू राहण्यापेक्षा हे बरं.

एक्स-रेत का दिसलं नाही, हे तुला खटकलं असणार. कंपनीच्या मॉपमध्ये एक धागा विणलेला असतो, एक्स-रेवर तो पांढऱ्या दोऱ्यासारखा उठून दिसतो. पण लहान दवाखान्यांत बऱ्याच ठिकाणी थानातून कापड कापून मॉप घरीच शिवतात, त्यात हा धागा नसतो. अशा कापडाला एक्स-रे फसतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आत काही नाही, असं त्या दिवशी कुणी सांगितलं असेल तर ते बरोबर नव्हतं.

आता काढायचं कुठं. जुन्या डॉक्टरांनी फुकट काढून देतो म्हटलं ते मनापासून म्हटलं असेल, पण तिथं नेऊ नका. अकरा महिन्यांत आतडी त्या गोळ्याला चिकटलेली असू शकतात. कधी कधी मॉप आतड्यात शिरायला लागलेला असतो, मग आतड्याचा तुकडा काढून जोडावा लागतो. त्यासाठी आतड्यांचं काम रोज करणारा सर्जन हवा, रक्तपेढी हाताशी हवी, आयसीयू हवं. बेळगावात केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे, बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. पाव्हण्यांची सोय असेल तर मिरज आहे, कोल्हापूर आहे. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत हे बसतं का ते हॉस्पिटलच्या योजना काउंटरवर आधीच विचार. सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं म्हणून ऐन वेळी माघारी फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

दिवस मात्र ढकलू नका. दिवाळीनंतर बघू, सुगी झाल्यावर बघू, असं घरात सुरू होतं, ते होऊ देऊ नको. आणि तोवर थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं आणि वारा-शौच बंद झालं, किंवा जुन्या टाक्यातून पू येऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता तशीच इमर्जन्सीत ने. बेंबी सरकलीय म्हणून पोट चोळून घ्यायची आपल्याकडं सवय आहे. आईला कुणालाही पोटाला हात लावू देऊ नको. मेडिकलमधून आणलेल्या ताप-दुखीच्या गोळ्या सर्जनना विचारल्याशिवाय नकोत, त्यानं ताप झाकला जातो.

नव्या सर्जनना भेटशील तेव्हा एक गोष्ट आधीच बोलून ठेव, आणि जमलं तर चार ओळींत लिहून दे. आतून जे निघेल त्याचं वर्णन ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट यावं, किती मोठं, कुठं चिकटलेलं. त्याचा फोटो घ्यावा. आणि तो गोळा पॅथॉलॉजीला जावा. नाहीतर तो पिवळ्या पिशवीत पडतो आणि कचऱ्याबरोबर जातो, आणि मग उरतो फक्त शब्द. सीटीची सीडी, फिल्म, रिपोर्ट, सगळं तुझ्या ताब्यात.

इथं मला माझं सांगायचं आहे. आईच्या “देवमाणूस” या शब्दाचं उत्तर त्याशिवाय देता येणार नाही.

नोकरीचं सहावं वर्ष असेल. पावसाची रात्र, लाइट गेलेली, ओटी जनरेटरवर. सिझेरियन होतं, बाळ आडवं, आणि बाळ निघाल्यावर बाईचं रक्त थांबेना. आमच्याकडं मॉप घरीच शिवायचे. दुपारी दवाखान्यातल्या आया, आमच्या मावशी, व्हरांड्यात बसून कापड कापायच्या, चार पदर घालून कडा शिवायच्या, कोपऱ्याला नाडी लावायच्या, आणि पाच-पाचाची गठडी बांधून ड्रममध्ये भरायच्या. मग ड्रम ऑटोक्लेव्हला, वाफेनं निर्जंतुक करायला. गठडी म्हणजे पाच, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की त्या रात्री मी गठडी सोडायची, “पाच” म्हणायची, आणि फळ्यावर पाच लिहिले जायचे. उलगडून एकेक मोजायला हवे होते. सर हात पुढं करून “मॉप, मॉप” म्हणत होते आणि मी देत होते.

रक्तात भिजलेला मॉप कसा होतो हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. हातभर कापड मुठीएवढं होतं, आणि त्याचा रंग आतड्याचाच होतो. बोटांना लागला तरच कळतो. म्हणून नाडी बाहेर ठेवून तिला चिमटा लावायचा असतो. घाईत कुठली नाडी आत गेली, मी पाहिलं नाही.

शेवटी बादलीतून आणि ट्रेवरून काढून मोजले. पंधरा. फळ्यावर पंधरा. “काउंट बरोबर, सर,” असं मीच म्हणाले, रजिस्टरवर सहीही माझी. एका गठडीत सहा होते.

बत्तिसाव्या दिवशी बाई परत आली, पोट टम्म, अंगात १०३ ताप. पुन्हा उघडलं तेव्हा मी टेबलापाशीच होते. तो आतड्याला चिकटलेला होता, पिवळट, कुजका वास. नाडीची गाठ मात्र जशीच्या तशी, मावशींच्या हातची. बाई वाचली. तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं गेलं की आत गाठ झाली होती, काढली. मीही गप्प राहिले. घरी जाताना तिनं माझ्या हातात नारळ ठेवला, “सिस्टर, तुमच्यामुळं वाचले” म्हणाली. तो नारळ मी कुठं ठेवला, काय केलं, आज आठवत नाही. तिचा हात आठवतो.

त्यामुळं “कुठं बोलू नका” हे शब्द मला चांगले माहीत आहेत. ते वाईट माणसाच्या तोंडूनच येतात असं नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून येतात. पण त्याचा परिणाम असा होतो की ज्या बाईनं सोसलं तीच आभार मानत राहते, आणि त्या दवाखान्यात गठडी पुन्हा न मोजता सोडली जाते.

मॉप राहणं हे बहुतेक वेळा बेफिकीर डॉक्टरचं काम नसतं, हेही तुला सांगायला हवं. २००३ साली अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५४ पेशंटचे कागद तपासून अभ्यास छापला. (त्यांच्या वडिलांचं गाव आपल्याच विदर्भातलं, उमरखेडजवळचं उटी.) त्यांना दिसलं ते असं: इमर्जन्सी ऑपरेशनमध्ये हा धोका नऊ पट, आणि ऐन वेळी ऑपरेशनचा बेत बदलावा लागला तर चौपट. आणि ज्यांच्यात शेवटची मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्के वेळा ती ‘बरोबर’ म्हणून लिहिलेली होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझं रजिस्टर डोळ्यांसमोर दिसलं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, त्या कामातही गावंडेच पुढं होते. पेशंटला ओटीबाहेर काढायच्या आधी सिस्टरनं मोठ्यानं सांगायचं की मॉप, सुया, हत्यारं मोजली आणि पुरी भरली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. छापील कागदावर टिक करून ठेवायची ही गोष्ट नव्हे.

तर तुमच्या डॉक्टरांबद्दल माझं मत असं. मॉप राहिला ती चूक, आणि ती भल्या माणसाकडूनही होते. पण तीन वेळा आलेल्या बाईला नीट न तपासता, सोनोग्राफी न करता गोळ्या देऊन परत पाठवलं, हे मला त्याहून मोठं वाटतं. ऑपरेशननंतर दुखणं थांबत नसेल तर सगळ्यात आधी आपल्याच हाताचा संशय घ्यावा, हे आम्हाला शिकाऊ असतानाच सांगितलेलं असतं. आणि “बोलू नका” याला तर चूकही म्हणता येत नाही. ते कळून सवरून बोललेलं आहे.

रात्री दोन वाजता गाडी काढणारा माणूस चांगलाच. ते उपकार खरे आहेत, ते विसरा असं मी म्हणणार नाही. बाबा जिवंत आहेत तोवर त्या डॉक्टरांना घरची पहिली हापूसची पेटी जाऊ दे. पण त्या रात्रीचं ऋण आईनं आपल्या कुशीतल्या दुखण्यानं का फेडायचं? दोन्ही हिशेब वेगळे आहेत, आणि वेगळेच मांडले पाहिजेत. आईला हेही सांग की बरेच डॉक्टर अशा दाव्यांसाठी विमा काढून ठेवतात. भरपाई मागितली म्हणजे त्यांच्या मुलांच्या ताटातलं काढून घेतलं असं होत नाही.

आता कागद, आणि हे याच आठवड्यात. डॉक्टरांशी पुढचं काहीही बोलायच्या आधी जुन्या दवाखान्याला लेखी अर्ज दे: भरतीचे केस पेपर, ऑपरेशन नोट, भूल देणाऱ्यांची नोंद, संमतीपत्र, मॉपच्या मोजणीची नोंद असेल तर ती, डिस्चार्ज कार्ड, आणि नंतरच्या तिन्ही भेटींचे कागद. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि भरती पेशंटचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठव, पावती जप.

अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून घे. मला माहीत आहे, आपल्या भागात हे वाक्य काळजाला लागतं. माझाही जन्म याच मातीतला, आणि मराठीतला अर्ज टेबलाच्या कोपऱ्यात पडून राहिलेला मीही पाहिला आहे. म्हणूनच सांगते, “समजलं नाही” ही सबब कुणाच्या हाती देऊ नको. खाली त्याच मजकुराचं मराठी लिही, त्याला कुणाची ना नाही. आणि आईनं न कळणाऱ्या भाषेतल्या संमतीपत्रावर सही केली याचा ताण घेऊ नको. संमती ऑपरेशनला होती. आत कापड ठेवायला कुणी संमती देत नाही, आणि कुठल्याही फॉर्मवर तसा अर्थ निघत नाही.

ग्राहक आयोगात जायचं की नाही ते आईनं ठरवायचं. तू नाही, भाऊ नाही, मी तर नाहीच. पण दार कधी बंद होतं ते तिला माहीत असू दे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे. मॉप सापडला त्या दिवसापासून मोजायची, असं वकील मांडतात आणि ते मान्यही होतं, पण तू आपली ऑपरेशनच्या तारखेपासून मोज म्हणजे घोर नको. तेरा महिने हातात आहेत. आधी आईचं ऑपरेशन होऊ दे, ती उठून फिरू लागू दे. बेळगावच्या जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत पैसे भरलेल्या उपचाराची तक्रार चालते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते. निपाणी-चिकोडीकडचे जे वाचक ऑपरेशनला कोल्हापूर-मिरजेला जातात त्यांनी हे लक्षात ठेवावं, त्यांना राज्याची हद्द ओलांडून हेलपाटे घालायची गरज नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. त्यांची हेल्पलाइन १५१००. ग्राहक हेल्पलाइन १९१५. भरपाईच्या मागे न लागता दवाखान्याची चौकशी तेवढी व्हावी असं आईला वाटलं, तर कर्नाटकात खाजगी दवाखान्यांसाठी २००७ चा केपीएमई कायदा आहे. त्याखालचं जिल्हा पातळीवरचं प्राधिकरण डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली असतं, तिथं लेखी तक्रार देता येते.

सिद्ध कसं करायचं, ही भीती बऱ्याच जणांना मागं खेचते. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. पुन्हा उघडून काढला, पण ती वाचली नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटात टॉवेल राहणं हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, नेमका कुणाचा हात चुकला हे घरच्यांना दाखवता आलं नाही तरी सरकार जबाबदार. भरपाई ३६,००० रुपये होती आणि तिला तेहतीस वर्षं लागली. वाचून माझ्या पोटात कालवलं होतं. पण त्या घरानं सोडलं नाही, आणि आज कुठल्याही वकिलाला हा निकाल माहीत असतो. (ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथं ग्राहक कायदा लागत नाही, तिथं दिवाणी दावा. तुमचा दवाखाना खाजगी आहे, बिलाची पावती शोधून ठेव.)

भावाला माझ्याकडून सांग. त्याचा राग मला कळतो, आईसाठी राग यायलाच हवा. पण काच फुटली की त्या क्षणापासून गोष्ट मॉपची राहत नाही, काचेची होते. दवाखान्यात मोडतोड, डॉक्टर-सिस्टरला मारहाण, यासाठी कर्नाटकात २००९ पासून वेगळा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र. आई ऑपरेशन टेबलावर आणि मुलगा हिंडलग्याच्या तुरुंगात, असं व्हायला नको. रक्त लागेल तेव्हा पेढीत धावपळ करायला तो मोकळा हवा.

कागद हातात आले की डॉक्टरांना भेटायला जा. तू आणि एखादं शांत वडीलधारं माणूस, मामा किंवा काका. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळी. उपकारांची आठवण तूच आधी काढ, खऱ्या मनानं. मग म्हण, “डॉक्टर, आईला तुमच्या तोंडून ऐकायचंय काय झालं ते.” आणि तुमच्याकडं मॉप कसे मोजतात, धाग्याचे मॉप आणता का, फळा आहे का, हे विचार. ते मोकळेपणानं बोलले तर अर्ध्या गोष्टी तिथंच सुटतील, आईला कदाचित तेवढंच हवं असेल. गप्प राहिले तर लगेच वाईट अर्थ काढू नको. विमा कंपन्या आणि वकील त्यांना काही कबूल करू नका असं सांगतात, ते त्या भीतीत असतील. पैसे पुढं केले तर “आईचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू” एवढंच म्हण. ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कुठल्याही कागदावर त्या खोलीत सही करू नको, कोरा कागद असेल तर मुळीच नको.

ऑपरेशनच्या दिवशी आईला स्ट्रेचरवरून आत नेतील तेव्हा ओटीच्या दारात हिरव्या कपड्यातली सिस्टर असेल. तिला विचार, “सिस्टर, आज काउंट कोण करणार?” ती रागावणार नाही. एकतीस वर्षांत त्या दारात मला हे कुणी विचारलं नाही. त्या पावसाच्या रात्री त्या बाईच्या नवऱ्यानं विचारलं असतं, तर मी गठडी उलगडून मोजली असती.

तारीख ठरली की कळव.

तुझी,
मावशी